वाघजाईच्या राईत बरी झाले

मला क्षय झाला होता. हे वाक्य सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली. आमच्याकडे त्या आजाराचं नाव घरात घेत नसत. 'तिला बरं नाही', 'तिला तसलं काहीतरी आहे', असं डोळ्यांनी बोलायचे. आता औषधं आहेत, माणसं बरी होतात, तरी हे नाव उच्चारताना आवाज खाली जातोच. म्हणून मी पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. ज्यांना हा आजार आजच कळला असेल त्यांनी हे वाचावं, आणि जे बरे होऊनही बरे झालेले नाहीत त्यांनी तर जरूर वाचावं. मी त्या दुसऱ्या जातीतली होते.

मोसंबी

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. आम्ही पुण्यात पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे खडकीला कारखान्यात फिटर होते, मी नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत असे. रंजना, आमची मुलगी, नुकती पाऊल टाकायला लागली होती. घरात सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

खोकला होता, संध्याकाळी अंग कणकणायचं. खडूच्या भुकटीनं होत असेल असं मी धरून चालले होते. छातीचा फोटो काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ती काळी काच खिडकीकडे धरून पाहिली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बोलले ते यांच्याशी. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते. आजार माझ्या छातीत आणि बातमी दुसऱ्याच्या कानात, याचा मला तेव्हा राग आला नाही. तेव्हा तसंच असायचं.

हे बाहेर आले, 'चल' म्हणाले. मंडईपाशी थांबले आणि त्यांनी डझनभर मोसंबी घेतली. आमच्याकडे मोसंबी कुणी अंथरुणाला खिळलं तरच यायची. वडील गेले त्याच्या आधी आणली होती. मी विचारलं, "इतकी कशाला?" ते म्हणाले, "खायची." मला सगळं कळलं. पिशवी त्यांच्या हातात हलत होती आणि मी तिच्याकडे बघत चालत होते.

पडून राहण्याची शाळा

गावाबाहेर माळावर क्षयरोग्यांचं रुग्णालय होतं. तिथं दीडेक वर्ष काढलं. उपचारांचं मी सांगत नाही. सुया टोचायच्या, कान गुणगुणायचे, पुड्या इतक्या कडू की पाणी पिऊनही जीभ आखडलेली राहायची. पण ज्यानं मला घडवलं किंवा बिघडवलं ते औषध नव्हतं, ती शिस्त होती. पडून राहायचं. हात वर करून वेणी घालायची नाही. मोठ्यानं हसायचं नाही. दुपारी बोलायचंसुद्धा नाही. छाती म्हणजे काचेचं भांडं, ते सांभाळायचं, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मी हुशार विद्यार्थिनी होते.

शेजारच्या खाटेवर चंपूताई म्हणून सोलापूरकडच्या बाई होत्या. त्या ओठ न हलवता विनोद करायच्या, आणि न हसण्याची शिक्षा मला व्हायची. एका सकाळी उठून पाहते तर त्यांची खाट रिकामी आणि गादी बाहेर उन्हात टाकलेली. दुपारी नवी बाई आली. त्या दिवसापासून मी हसायचं टाळू लागले, शिस्त म्हणून नव्हे, भीतीनं.

देवानं थोडं भलंही केलं. तिथल्या आयाबाई रोज माझी वेणी घालत. 'माझ्या लेकीचे केस असेच होते' एवढंच म्हणत, पुढे बोलत नसत. हे दर रविवारी सायकलवरून येत. मुलांना आत आणायची बंदी होती, म्हणून रंजना काय करते ते हे मला उभं राहून नक्कल करून दाखवत. एवढा उंच माणूस, दुडुदुडु चालून दाखवायचा. सगळा वॉर्ड बघायचा.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही बऱ्या झालात. थुंकीत जंतू नाहीत. घरी जा, गोळ्या तिथं चालू ठेवा." मी काय केलं असेल? मी हात जोडून म्हणाले, "मला अजून थोडे दिवस इथंच ठेवा."

उंबऱ्यावर

घरी आले. आत्याबाईंनी माझं ताट, तांब्या वेगळा ठेवला होता. त्या वाईट नव्हत्या. दीड वर्ष त्यांनी नातीला सांभाळलं होतं आणि तिला काही होऊ नये एवढंच त्यांना हवं होतं. मलाही तेच हवं होतं. वेगळं ताट पाहून मला बरंच वाटलं, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

रंजना आत्याबाईंनाच आई म्हणायची. मला 'ती बाई' म्हणायची. जवळ आली की मी पदर तोंडाला लावून मागे सरकायचे. पुढे पुढे तीही सरकायला लागली. मी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायची आणि सारखी थर्मामीटर लावून पाहायची. शाळेतून बोलावणं आलं, गेले नाही. जिना उतरायचा म्हटलं की छातीत कळ यायची. डॉक्टर पुन्हा तपासून म्हणाले, छातीत काही नाही. मग कळ कुठून येत होती? आज मी तिला भीती म्हणेन. तेव्हा मला ती मरणाची चाहूल वाटायची.

हे रात्रपाळी करून यायचे आणि माझं तोंड बघून जेवायचे नाहीत. एकदा म्हणाले, "वत्सला, तू घरी आलीस की नाही तेच मला कळत नाही."

भात झोडून झाल्यावर यांची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणत. मुळशीच्या धरणाच्या पाण्याकडेला, डोंगराच्या अंगावर तिचं घर. नवरा आणि मुलगा मुंबईला गिरणीत, इकडे शेत आणि म्हशी ती एकटी बघायची. दरवर्षी नवे आंबेमोहोर तांदूळ घेऊन यायची. पोतं टेकवलं, पाणी प्याली आणि माझ्याकडे बघत आईला विचारलं,

"ही बरी झाली म्हणं ना?"

"डागदर म्हनतो झाली," आत्याबाई म्हणाल्या.

"मग अशी भिताडाला चिकटलेल्या पालीगत का बसलीया?"

आक्का माझ्याजवळ येऊन बसली. मी सरकले, तर तीही सरकली. म्हणाली, "वच्छी, चल माझ्यासंगट. हितं तुला हवाच न्हाई. हितं मला बी न्हाई."

यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. ते मला फार लागलं. आता कळतं, दीड वर्ष ओझं वाहिलेल्या माणसाला कुणी 'दे जरा इकडं' म्हटलं, तर त्याचा चेहरा तसाच होणार.

आक्काचं घर

पौडपर्यंत बस, पुढे बैलगाडी. घर लहान, भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणानं लिंपलेल्या. पडवीत माझी बाज टाकली. समोर उतरती खाचरं, त्यांच्या खाली पाणी, पाण्यापलीकडे डोंगराच्या ओळी, एकीमागे एक फिकट होत गेलेल्या. मी पाहिलं आणि बाजेवर पडले. मला पडून राहणंच येत होतं.

पहिल्या दिवशी जेवताना मी अर्धी भाकरी टाकली. आक्कानं ती उचलली आणि खायला लागली. मी ओरडलेच, "आक्का, उष्टी आहे ती! माझी आहे!"

"मग?"

"लागेल तुम्हाला."

तिनं घास गिळला. "डागदर म्हनतो लागायचं न्हाई. तू म्हनतीस लागंल. मी डागदराचं ऐकू का तुझं?" आणि उरलेलं कालवणही तिनं भाकरीनं पुसून घेतलं.

त्या दिवशी मी पडवीत पडून बराच वेळ रडले. कितीतरी दिवसांत माझं उष्टं कुणी खाल्लं नव्हतं.

गावातल्या बायका सुरुवातीला लांबून बघायच्या. आक्का त्यांना काही समजावायला गेली नाही. दारात बसून माझ्याच तांब्यानं पाणी प्यायची, एवढंच. महिन्याभरात एकजण वालाच्या शेंगा घेऊन आली आणि माझ्याच बाजेवर सोलत बसली.

माझं थर्मामीटर मात्र चालूच होतं. एकदा आक्काच्या म्हशीनं तिला अशी ढुशी दिली की ती शेणाच्या पाटीतच बसली. मला हसू फुटलं आणि मी घाईनं काच तोंडात धरली. आक्का तशीच शेणात बसून म्हणाली, "हसायचं का न्हाई ते बी त्या नळीला इचारतीस व्हय?"

दिवा लावायला

'फिरायला जा, मोकळ्या हवेनं बरं वाटेल' असं आक्का कधी म्हणाली नाही. तशा उपदेशाला मी कधीच बधले नसते. ती कामं सांगायची. "मला सवड न्हाई. वाघजाईला दिवा लावून ये."

वाघजाईची राई दोन खाचरांपलीकडे होती. देवीची राई, म्हणून तिथली काडीसुद्धा कुणी तोडत नसे. वाळलेलं लाकूड पडलं तर तिथंच कुजायचं. पहिल्या दिवशी वाटेत चारदा बसले. राईच्या तोंडाशी आले आणि आत पाऊल टाकवेना, इतका अंधार. पण दिवा लावायचा होता. आत गेल्यावर एकदम गार झालं. वर इतकी पानं की ऊन फुटून खाली येत होतं. जमिनीवर वर्षानुवर्षांचा पाचोळा, पाय ठेवला की दबायचा. खोडं अशी की दोघींनी हात पसरले तरी कवेत येऊ नयेत. एका झाडावरून दुसऱ्यावर वेली गेलेल्या, माझ्या मांडीएवढ्या जाड. मध्ये शेंदूर फासलेला एक दगड. तीच देवी. छप्पर नाही, भिंत नाही.

मी दिवा लावला आणि श्वास धरण्यासाठी टेकले. वरून 'चक्-चक्-चक्' असा खडखडाट झाला. मी दचकले. मांजराएवढा, तांबूस-काळा, पांढुरक्या पोटाचा आणि अंगापेक्षाही लांब झुपकेदार शेपटीचा एक प्राणी फांदीवर उलटा लोंबकळून फळ खात होता. मागचे पाय वर धरलेले, पुढच्या दोन हातांत फळ. एखादी बाई झोपाळ्यावर उलटी होऊन खाते आहे असं दिसलं. मग त्यानं उडी मारली, एका झाडावरून पलीकडच्या झाडावर, इतकी लांब की माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं.

घरी येऊन विचारलं. आक्का म्हणाली, "शेकरू हाय ते. घर बांधतंय बग आता."

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन गेले. खरंच घर बांधत होतं. पानांसकट डहाळी तोडायचं, तोंडात धरून उंच दोन फांद्यांच्या बेचक्यात नेऊन खोचायचं, मागे सरून बघायचं, पसंत नसलं तर उपटून खाली टाकायचं. राईतली काडी न तोडण्याचा नियम त्या एकट्याला लागू नव्हता. मी मान वर करून बघत बसले. ऊन खाचरावरून सरकून राईच्या कडेला आलं तेव्हा उठले. वाटेत लक्षात आलं, इतका वेळ माझ्या छातीची आठवण मला एकदाही आली नव्हती. दोन वर्षांत असं झालं नव्हतं.

मी तेव्हा त्यावर फार विचार केला नाही, नंतर केला. रुग्णालयात आणि घरी सगळे माझ्याकडे बघत असत. 'आज कसं वाटतंय?' 'रंग उतरलाय का?' 'वजन वाढलं का?' प्रेमानंच विचारत. पण दिवसभर जिच्याकडे बघितलं जातं ती बाईही स्वतःकडेच बघत बसते. राईत माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तिथल्या झाडांना मी आजारी आहे की बरी, याचं काही देणंघेणं नव्हतं. ती उभी होती, माझ्या आधीपासून. त्या बेफिकिरीत मला इतका आराम वाटला की कुणाच्या मायेतही तेवढा वाटला नव्हता.

मग मी रोज जाऊ लागले. माघात माळावरची अंजनीची झुडपं फुलली. पानांखाली खोडालाच निळं फूल चिकटलेलं, जणू कुणी निळीच्या पाण्यात काठ्या बुडवून ठेवल्या. सावरीच्या पानं नसलेल्या झाडावर लाल फुलं आणि त्यांत मैना, कावळे, बुलबुल यांची झुंबड. सकाळी पाण्यावरून धुकं उठायचं, आधी डोंगराचे पाय सोडायचं, मग कंबर, मग डोकं. मी हे सगळं आक्काला सांगायला धावायची. ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "दरसाली व्हतंय ते." पण एकदा मी उशिरा उठले तर तिनंच हलवलं, "ऊठ, धुकं चाललं तुझं."

थर्मामीटर पेटीत होतं. कधी ठेवलं ते आठवत नाही.

गाळ

हे असंच चढत्या पायरीनं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

फाल्गुनात कोरडा वारा सुटला. मला खोकला झाला. एका दुपारी खोकून रुमाल पाहिला, तर त्यावर लाल रेघ. दोऱ्याएवढी.

आक्का पौडला गेली होती. मी रुमाल घडी करून कमरेला खोचला. रडले नाही. डोकं अगदी थंड झालं. पुन्हा ती खाट, पुन्हा त्या सुया, पुन्हा यांची सायकल, आणि एक दिवस उन्हात टाकलेली गादी. मी उठले आणि पाण्याच्या दिशेनं उतरायला लागले. कशासाठी, ते मला नीट सांगता येत नाही. नुसतं बसायला निघाले होते असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. नुसतं बसायला निघालेलं माणूस चपला काढून नीट जोडीनं ठेवत नाही. मी ठेवल्या होत्या.

उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, आत मऊ. मी त्याच्या कडेला पोचले आणि ओरडणं ऐकू आलं. आक्काची पारडी, म्हशीचं वर्षाचं पिलू, पाण्याच्या ओढीनं गाळात शिरली होती आणि पोटापर्यंत रुतली होती. धडपडायची तशी खाली जायची. मान उंच धरून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं.

मी काही ठरवलं नाही. गाळात आडवी झाले, सरपटत गेले आणि तिची हनुवटी खांद्यावर घेतली, म्हणजे नाकपुड्या वर राहतील. ती जड होती. गरम श्वास माझ्या कानात फुंकत होती. आता? आसपास माणूस नाही. वरच्या धनगरवाड्यातला कोंडिबा कधीकधी टेकाडावर शेळ्या चारायचा. मी ओरडले. आवाज निघेना. मोठ्यानं बोलायचं नाही हे हाडांत भिनलं होतं. पारडी आणखी घसरली. मग मी छाती भरून श्वास घेतला, अगदी तळापर्यंत, आणि हाक मारली, "कोंडिबाऽऽ!"

डोंगरावरून ती हाक परत आली. मलाच खरं वाटेना की ती माझी आहे. पुन्हा मारली. पुन्हा. घसा फाटला, पण छाती फाटली नाही. टेकाडावर घोंगडी हलली.

कोंडिबा दोर आणि आणखी दोघांना घेऊन आला. पारडी बाहेर निघाली तेव्हा मी आणि ती सारख्याच रंगाच्या होतो. कोंडिबा मला हात देऊन वर ओढत म्हणाला, "बाई, तुमी आजारी हाय म्हनत व्हते ना? आवाज तर पार शिवंवर आला की."

हात

आक्का आली, पारडीला पाहिलं, मला पाहिलं. आधी चुलीवर पाणी तापत ठेवलं. मी न्हाऊन बसले आणि तिला चिखलानं भरलेला रुमाल उलगडून आतली रेघ दाखवली. तिनं रुमाल उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाली, "उद्या पुन्याला जाऊ. डागदराला इचारू. त्याच्या आधी आपुन दोघींनी काय बी ठरवायचं न्हाई."

बसमध्ये ती शेजारी बसली होती. एकदम म्हणाली, "तुझ्या चपला वाटंवर व्हत्या."

मी पदर सारखा केला.

"पान्याकडं कशापायी गेलीवतीस?"

मी सांगितलं. जेवढं मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तिनं माझं मनगट धरलं आणि बाहेर बघत बोलू लागली, "गाव पान्याखाली गेलं तवा माझी सासू तरनी व्हती. वर घर बांधलं, पर ती रोज पान्याकडं जाऊन बसायची, खाली आपली चूल हाय म्हनायची. मी लगीन होऊन आले तवा बी जायची. मी तिला एकलीला सोडायची न्हाई. ती मला शिव्या द्यायची, तरी मी शेजारी बसायची. तुला मी सोडली. आता न्हाई सोडायची."

"सोडा आक्का, लोक बघतायत," मी म्हणाले. पुणं येईपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही.

डॉक्टरांनी फोटो काढला. या वेळी ती काच मी स्वतः मागून घेऊन खिडकीकडे धरली. त्यांनी जुने डाग दाखवले, भरून आलेल्या जखमांसारखे. नवं काही नव्हतं. कोरड्या खोकल्यानं घशातली एखादी बारीक शीर फुटली असावी, म्हणाले. मग विचारलं, "तिकडे दिवसभर करता काय?"

"शेकरू बघते."

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. म्हणाले, "गोळ्या चुकवू नका. आणि बघत राहा."

तेच मी वाचणाऱ्यांना सांगते. झाडांनी क्षय बरा होत नाही. तो औषधानं बरा झाला, पुरतं घेतलं म्हणून झाला. पण औषधानं मला फक्त मरणापासून परत आणलं. जगण्याकडे नेण्याचं काम त्या राईनं केलं, त्या धुक्यानं, त्या गाळानं आणि आक्कानं. तुमच्याजवळ डोंगर नसेल, तर ओढ्याकाठचं एखादं उंबर असेल, अंगणातली चिमणी असेल. तिच्याकडे रोज जा. आणि मनात काळं काही आलं तर चपला काढण्याआधी कुणाला तरी हाक मारा. मोठ्यानं मारा. छाती तुम्हाला वाटते त्यापेक्षा घट्ट असते.

वैशाखात

घरी न जाता मी मुळशीला परतले, पण निघताना बसपाशी भेटायला आलेल्या यांना म्हणाले, "वैशाखात रंजनाला घेऊन या." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं.

रंजना आली ती वडिलांच्या पायाला धरूनच. मी तिला जवळ ओढलं नाही. राईत मला कुणी ओढून नेलं नव्हतं, हे मी विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "मला जाळ्या शोधायच्यात करवंदांच्या. येतंय का कुणी सोबतीला?" ती वडिलांच्या मागून बघत राहिली आणि मग निघाली, चार पावलं अंतर ठेवून.

डोंगराच्या धारेवर करवंदांच्या जाळ्या लगडल्या होत्या. काट्यांतून हात घालून काढायचं, चिकानं बोटं चिकट व्हायची. मी एक करवंद फोडून आतला रंग दाखवला. "कोंबडा की कोंबडी?" लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. तिला खेळ आवडला. ती ओळखायची, चुकली की खदखदून हसायची. ओठ, हनुवटी, झगा, सगळं जांभळं झालं. अंतर चार पावलांचं दोन झालं, मग राहिलंच नाही. शेवटी करवंद माझ्या तोंडात कोंबून म्हणाली, "तू सांग." मी चावलं. "कोंबडा," मी म्हणाले. "दाखव जीभ." मी दाखवली. तिनं अगदी जवळ येऊन, माझ्या तोंडात तोंड घालून पाहिलं. मी मागे सरकले नाही.

उतरताना तिचे पाय दुखायला लागले. करवंदं तोडायला आमच्याबरोबर आलेली आक्का पुढे चालली होती, डोक्यावर करवंदांची पाटी. रंजनानं आधी तिला हाक मारली, पण आक्कानं ऐकलंच नाही. ऐकू आलं नव्हतं की येऊ दिलं नव्हतं, देव जाणे. मग पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

मी तिला उचललं. दोन वर्षांत पाण्याची कळशीसुद्धा उचलली नव्हती. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि मान खांद्यावर टाकली. थोड्या वेळानं तिचं अंग सैल पडलं. झोपली होती.

घर दिसायला लागलं तेव्हा आक्कानं मागे वळून पाहिलं. "उतरव तिला वच्छी, दमशील. जड हाय ती."

"असू दे आक्का," मी म्हणाले. "हलकी आहे."

ती मुळीच हलकी नव्हती.